उसना डोंगर, उसने आकाश

यांगत्से नदीकाठच्या झेनजियांग शहराभोवती खरेखुरे डोंगर आहेत. तरीही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले हौशी लोक बांबूच्या बनात सुबक दगड एकावर एक रचून आपापले छोटे डोंगर उभारत होते. तिथे नुकताच राहायला आलेला एक चित्रकार ते पाहून हसला. हसायला काय झाले, असे कुणीतरी विचारले. तो म्हणाला की नक्कल करायचीच तर खऱ्या डोंगराची करावी. वसंतदेवाच्या स्वागताला मुठीएवढे दगड रचतात, तसले ढीग कशाला? मग तुम्हीच करून दाखवा, असे आव्हान आले. त्याने दगडांचा एक उभा कडा रचून दाखवला. पाहणारे थक्क झाले आणि चित्रकाराचा धंदा बदलला.

त्याचे नाव जी चंग. जन्म १५८२ चा, सुझोऊजवळच्या वूजियांगचा. तरुणपणी उत्तर चीन आणि मध्य चीन पालथा घालून तो मध्यम वयात झेनजियांगला स्थिरावला होता. हा प्रसंग त्यानेच आपल्या ‘युआन ये’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवला आहे. बागा कशा रचाव्यात, यावरचा चीनमधला हा सर्वांत जुना उपलब्ध स्वतंत्र ग्रंथ. १६३१ मध्ये तो लिहून झाला आणि काही वर्षांतच छापला गेला. दुसऱ्यांसाठी एकाहून एक बागा रचणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी मात्र डोंगराचा तुकडा कधी घेता आला नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ग्रंथ छापायला देताना, ही खंत त्याने शेवटी लिहून ठेवली. चिनी बागेचा इतिहास सांगायला या बिनबागेच्या माणसाइतका योग्य सोबती नाही. कारण ही कथा मुळात मालकीची आहे: कुणी काय विकत घेतले, कुणाचे काय गेले, आणि जे कुणाच्याच मालकीचे नव्हते त्यातले काय उरले.

रद्दी आणि चाळीस हजार नाणी

यांगत्सेच्या दक्षिणेचा हा मुलूख म्हणजे जिआंगनान. सपाट, सुपीक, कालव्यांनी विणलेला. उत्तरेकडच्या राजधानीला धान्य पुरवणारा मोठा कालवा सुझोऊवरून जातो. रेशीम, भातशेती आणि व्यापार यांमुळे शहरात पैसा खेळत होता, आणि घरोघरी मुले राजसेवेच्या परीक्षांची तयारी करत होती. परीक्षा पास झालेले अधिकारी होत. अधिकाऱ्यांतले बरेच जण पुढे कधीतरी दरबारी राजकारणात सापडत आणि पदावरून उतरून गावी परतत. पाणी जमिनीच्या अगदी वरच्या थरात, खणले की तळे. जवळच ताइहू सरोवर आणि त्यातल्या बेटांवर चुनखडीचे विलक्षण दगड. पैसा, पाणी, दगड आणि पदच्युत विद्वान, या चारही गोष्टी सुझोऊत एकत्र आल्या.

पदावरून उतरून बाग करणाऱ्यांच्या परंपरेतला सर्वांत ठळक माणूस सोंग काळातला कवी सू शुनचिन. १०४४ मध्ये त्याने कचेरीतली रद्दी विकून आलेल्या पैशात सहकाऱ्यांसाठी मेजवानी केली. तशी ती कचेरीची जुनी पद्धतच होती. पण सू हा सुधारणावादी गटातला, आणि विरोधकांना निमित्त हवेच होते. सरकारी मालमत्तेचा अपहार म्हणून त्याला बडतर्फ केले गेले. तो सुझोऊला आला आणि त्याने पाण्याकाठची एक पडीक जागा चाळीस हजार नाण्यांना विकत घेतली. तिथे एक मंडप बांधून त्याने त्याला ‘त्सांगलांग’ हे नाव दिले. हे नाव एका प्राचीन गीतातल्या नदीचे. पाणी स्वच्छ असेल तर माणूस एक करतो, गढूळ असेल तर दुसरे, असा त्या गीताचा आशय. दरबार गढूळ झाला आहे, एवढे त्या नावातून वाचणाऱ्याला कळत होते. चारेक वर्षांतच, वयाच्या चाळिशीत, सू वारला. जागा अनेकांच्या हाती गेली, अनेकदा मोडली आणि पुन्हा उभी राहिली, पण नाव टिकले. आज त्या बागेच्या एका अंगाला उंच भिंत नाही. तिथे कालव्याच्या कडेने जाळीदार खिडक्यांची ओसरी फिरते आणि बाहेरचे वाहते पाणी बागेचाच भाग होऊन जाते.

बादशहाचे दगड

बाग मालकीच्या अहंकाराने रचली तर काय होते, त्याचा धडाही सोंग काळानेच दिला. बादशहा हुईत्सोंग उत्तम चित्रकार होता. राजधानी काइफेंगच्या ईशान्येला त्याने १११७ पासून ‘गेनयुए’ नावाचा प्रचंड कृत्रिम डोंगर उभारायला घेतला. त्यासाठी दक्षिणेतून दुर्मीळ झाडे आणि ताइहूचे दगड आणण्याची एक यंत्रणाच उभी राहिली. तिचा सुझोऊतला सूत्रधार झू मिएन. कुणाच्या अंगणात चांगला दगड दिसला की सरकारी शिक्का मारायचा आणि तो दगड बादशहाचा. घराच्या भिंती पाडून दगड बाहेर काढले जात. एका अजस्र शिळेला वाट करून देण्यासाठी पूल तोडले, पाण्याचे दरवाजे फोडले. धान्याच्या बोटी दगड वाहू लागल्या. ११२० मध्ये दक्षिणेत फांग लाचे बंड पेटले, त्यामागे या जाचाचा मोठा वाटा होता.

डोंगर ११२२ मध्ये पुरा झाला. पाचच वर्षांत उत्तरेकडच्या जुर्चेन सैन्याने काइफेंग जिंकले. वेढ्याच्या काळात थंडीने गारठलेल्या लोकांनी बागेतली झाडे जळणासाठी तोडली, आणि गोळा केलेले दगड फोडून गोफणयंत्रांतून शत्रूवर फेकले. बादशहा कैदी होऊन उत्तरेला गेला आणि तिथेच मेला. सुझोऊच्या ‘लिऊ युआन’ या बागेत आज साडेसहा मीटर उंचीची एक शिळा उभी आहे. बादशहाच्या त्या मोहिमेतून मागे राहिलेली, अशी तिची ख्याती. ती जवळून पाहिली की या दगडाचे वेड कळते. पाण्याने शतकानुशतके कोरलेली भोके, अंगावर सुरकुत्या, मधे बारीक होत वर रुंदावणारी काया. कृश, सुरकुतलेला, आरपार झिरपणारा आणि छिद्रांतून पलीकडचे दाखवणारा, अशा चार कसोट्या रसिकांनी ठरवल्या होत्या. एका दगडात अख्खा डोंगर पाहायचा, आणि डोंगरात जग ज्या शक्तीने घडते ती शक्ती, असा त्यामागचा विचार.

अडाण्याचा कारभार

मिंग काळात, १५१० च्या आगेमागे, वांग शिएनचेन नावाचा एक अधिकारी सुझोऊला परतला. राजधानीत तो देखरेखीच्या खात्यात होता, म्हणजे इतरांच्या चुका दाखवणे हेच त्याचे काम. गुप्त पोलिसांशी त्याचे वाकडे आले, फटके बसले, दूर दक्षिणेत किरकोळ पदांवर बदल्या झाल्या. गावी येऊन त्याने एका जुन्या मठाची दलदलीची जागा घेतली आणि बाग करायला सुरुवात केली. नाव ठेवले ‘झुओझेंग युआन’: भाजीपाला पिकवणे हाच अडाण्याचा कारभार, या अर्थाचे. ही कल्पना तिसऱ्या शतकातल्या पान युए या कवीची. निवृत्तीचे गोडवे गाणारा हा कवी स्वतः मात्र राजकारण सोडू शकला नाही आणि इसवी सन ३०० मध्ये मारला गेला. वांगने नाव निवडताना हे त्याला ठाऊक असणारच.

या बागेचे भाग्य असे की वांगचा मित्र होता वेन झेंगमिंग, त्या काळातला अग्रगण्य चित्रकार आणि सुलेखनकार. राजसेवेच्या परीक्षेत वेन वारंवार नापास झाला. अखेर शिफारशीवर १५२३ मध्ये बीजिंगला नोकरी मिळाली, पण तीनेक वर्षांत उबग येऊन तो परतला. १५३३ मध्ये त्याने वांगच्या बागेची एकतीस दृश्ये चितारली, प्रत्येकाला कविता जोडली आणि बागेचे सविस्तर वर्णन लिहिले. आज त्या बागेत गेलेल्या माणसाला ही चित्रे चकित करतात. आज तिथे मंडप, पूल आणि ओसऱ्यांची दाटी आहे. वेनच्या चित्रांत मात्र इमारती मोजक्याच, गवताने शाकारलेल्या. बाकी सगळे पाणी, बांबू, फळझाडे आणि मोकळी जागा. एखाद्या चित्रात तळ्याकाठी एक माणूस नुसता बसला आहे. सोळाव्या शतकातली बाग ही मळ्याच्या आणि फळबागेच्या किती जवळची होती, हे या चित्रांमुळे समजते.

वांगच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने ही बाग एका रात्रीच्या जुगारात गमावली, असे सांगतात. जिंकणारे शू घराण्यातले. पुढे ती तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. एकोणिसाव्या शतकात ताइपिंग बंडखोरांच्या एका राजाने तिथे आपला वाडा थाटला. १८७७ मध्ये तिचा पश्चिमेकडचा भाग एका धनिकाने घेऊन नव्याने सजवला. ‘वांगची बाग’ म्हणून जे होते ते जमिनीवरून केव्हाच पुसले गेले. उरली ती वेनच्या कुंचल्यातली.

चारशे पावलांत जिआंगनान

मिंग राजवटीच्या शेवटच्या शंभर वर्षांत बागांची हौस वेडाच्या पातळीला गेली. चांदीचा पैसा बाजारात आला होता, व्यापारी श्रीमंत झाले होते, आणि प्रतिष्ठा हवी तर बाग हवी असे समीकरण बनले. पैसा होता, दृष्टी नव्हती. तिथे जी चंगसारख्या माणसाची गरज पडली.

त्याचे पहिले मोठे काम १६२३ च्या सुमाराचे, चांगझोऊच्या वू श्युआन या निवृत्त अधिकाऱ्यासाठी. जागा १५ मू, म्हणजे साधारण अडीच एकर. त्यातली १० मू घराला. बागेसाठी फक्त ५. जी चंगने आधी जागा नीट पाहिली. एका बाजूला उंचवटा होता. खाली खोल पाणी. मोठाली जुनी झाडे होती, त्यांच्या फांद्या वाकून आलेल्या. दगड रचून उंची वाढवायची हा सगळ्यांचा रिवाज. त्याने सांगितले, जमीन आणखी खणूही या. खाली खणल्यामुळे झाडे डोंगराच्या उतारावर उगवल्यासारखी दिसू लागली. मुळांना दगड बिलगले. पाण्यालगत मंडप आले, वळणावळणाच्या घळी आल्या. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पावले भरली अवघी चारशे. मालक खूश होऊन म्हणाला की जिआंगनानचे सगळे सौंदर्य आता माझ्या एकट्याच्या घरी आहे.

हे कसे जमले, ते ‘युआन ये’त आहे. तीन खंड, दोनशेहून अधिक आकृत्या. जागेची निवड, इमारती, दारे-खिडक्या, भिंती, फरसबंदी, डोंगर रचणे, दगड निवडणे. कठड्यांचेच शंभरेक नमुने. सुरुवातीलाच तो सांगतो की बांधकामात गवंडी-सुताराचा वाटा तीन आणि योजना करणाऱ्याचा सात, आणि बागेत तर योजकाचा वाटा नऊ. तरी कारागिरीचे त्याला पूर्ण भान आहे. डोंगर रचायचा तर आधी पाया: जमिनीचा पोत पाहून खुंट ठोकायचे. खाली ओबडधोबड मोठे दगड, भेगा बुजवायच्या, देखणे दगड वर. पुढे झेपावणारा कडा हवा असेल तर मागच्या बाजूला लांब, जड शिळांचे वजन ठेवून तोल साधायचा. पाहणाऱ्याला दिसते ती पुढची झेप, मागचा भार दिसत नाही. मधे एक उंच सुळका आणि दोन्हीकडे सारखे छोटे सुळके, अशी देव्हाऱ्यासारखी मांडणी त्याला अजिबात खपत नाही. पांढऱ्या भिंतीला कागद समजा आणि तिच्यापुढचे दगड म्हणजे चित्र, हा त्याचा सल्ला चित्रकाराचाच.

ताइहूच्या दगडाचे कौतुक करूनही तो सोळा प्रकारचे दगड सांगतो आणि नावाजलेल्या दगडाच्या मागे धावून पैसा उधळणाऱ्यांना टोकतो. जवळच्या डोंगरातला साधा दगडही चालतो, नजर हवी. हुईत्सोंगच्या पाचशे वर्षांनंतर आलेले हे उत्तरच आहे.

ग्रंथाचे शेवटचे प्रकरण आहे उसन्या दृश्याचे. दूरचा डोंगर उसना घ्या, शेजारच्याच्या अंगणातले फुललेले झाड घ्या, वर पाहून ढग आणि चांदणे, खाली वाकून पाण्यातली प्रतिबिंबे, आणि ज्या त्या ऋतूचे जे असेल ते. बागेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट, असे जी चंगचे म्हणणे. भिंत मालकीची हद्द ठरवते. नजर त्या हद्दीत थांबत नाही. वांग शिएनचेनच्या जागेवरच्या आजच्या बागेत याचा सर्वांत सुंदर दाखला आहे. पूर्वेकडून तळ्याच्या लांबीवर पश्चिमेकडे पाहावे. कमळांच्या पानांवरून, पुलावरून, दोन्ही काठांच्या झाडांमधून नजर पुढे जाते आणि वर नऊ मजल्यांचा एक पॅगोडा उभा दिसतो, जणू बागेच्या टोकालाच बांधलेला. तो उत्तरेकडच्या मंदिराचा पॅगोडा, ७६ मीटर उंच आणि बागेपासून सुमारे एक किलोमीटर दूर, शहराच्या गजबजाटात. झाडे अशी लावली आहेत की मधली घरे दिसू नयेत आणि पॅगोडा झाकला जाऊ नये. बागेच्या एकाही मालकाने पॅगोडाची एक वीटही विकत घेतली नव्हती.

१६४५

जी चंगला आपला ग्रंथ छापायला आश्रय मिळाला तो रुआन दाचंगचा. रुआन नाटककार म्हणून गुणी, पण राजकारणात बदनाम: जुलमी खोजा वेई झोंगशिएनच्या गटातला म्हणून पदावरून काढलेला. त्याची प्रस्तावना ग्रंथाला चिकटली आणि पुढे तीच ग्रंथाला भोवली.

दरम्यान यांगझोऊत जी चंगने झेंग युआनशुनसाठी बाग रचली. साहित्य मालकाने बरीच वर्षे जमवून ठेवले होते. जी चंगच्या देखरेखीखाली आठ महिन्यांत बागेला रूप आले. झेंगने लिहून ठेवले आहे की जी चंग नुसते बोट दाखवून सांगत गेला, आणि साध्या कामगारांचाही गोंधळ झाला नाही. शाओशिंगला ची प्याओजिआ हा अधिकारी १६३५ पासून आपल्या डोंगरावर बाग करण्यात इतका बुडाला होता की पहाटे उजाडण्याची वाट पाहत असे आणि पावसापाण्याची पर्वा करत नसे. तिचा एकेक कोपरा त्याने शब्दांत नोंदवला.

१६४४ मध्ये बीजिंग पडले, मिंग बादशहाने गळफास घेतला. त्याच वर्षी यांगझोऊच्या बिथरलेल्या जमावाने फितुरीच्या संशयावरून झेंग युआनशुनला ठार केले. पुढच्या वर्षी उत्तरेकडून आलेल्या मांचू सैन्याने यांगझोऊत भीषण कत्तल केली आणि सुझोऊ घेतले. नव्या राजवटीने ची प्याओजिआला सेवेत बोलावले. त्याने घरच्यांचा निरोप घेतला आणि आपल्याच बागेतल्या तळ्यात जीव दिला. वेन झेंगमिंगचा पणतू वेन झेनहेंग, बाग आणि घरातल्या सुरुचीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिणारा रसिक. त्याने अन्न सोडून प्राण सोडले. बागेत बसणे म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन मरणे लक्षात घ्यावीत. निष्ठा कुठे मोडू द्यायची नाही, हे ही माणसे तळ्याकाठी बसूनच ठरवत होती.

रुआन दाचंगने मात्र मांचूंपुढे शरणागती पत्करली. त्याचे नाव घेणेही सज्जनांना नकोसे झाले. ‘युआन ये’ चीनमधून जवळजवळ नाहीसा झाला, त्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. जी चंगचा शेवट कसा झाला, याची नोंदच नाही. त्याने रचलेल्या बागांपैकी एकही आज उभी नाही.

परत आलेला ग्रंथ

ग्रंथ वाचला तो जपानमध्ये. तिथे त्याच्या प्रती जपल्या गेल्या होत्या. विसाव्या शतकात चिनी अभ्यासकांना त्याचा सुगावा लागला, आणि बीजिंगमध्ये झू चीच्यान यांनी स्थापन केलेल्या चिनी वास्तुकला संशोधन मंडळाने जपानमधल्या प्रतीशी ताडून पाहून १९३२ मध्ये तो पुन्हा छापला. छापल्यापासून जवळपास तीनशे वर्षांनी जी चंग आपल्या देशात परतला. तोंग जुन या वास्तुतज्ज्ञांनी त्याच दशकात जिआंगनानच्या बागा हिंडून त्यांची मोजमापे घेतली, नकाशे काढले. १९३७ मध्ये पूर्ण झालेले त्यांचे पुस्तक युद्धाच्या धामधुमीत अडकले आणि १९६३ मध्ये प्रकाशित झाले. १९५२ मध्ये झुओझेंग युआन लोकांसाठी खुली झाली. १९९७ मध्ये सुझोऊच्या चार बागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, २००० मध्ये आणखी पाच.

१९८० मध्ये सुझोऊचे सत्तावीस कारागीर आणि अभियंते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचले. ‘वांगशी युआन’ या बागेतल्या एका अंगणाच्या धर्तीवर त्यांनी तिथे अंगण उभारले: नान लाकडाचे खांब, ताइहूचे दगड, सुझोऊच्या जुन्या भट्टीत त्यासाठी मुद्दाम भाजलेल्या विटा. १९८१ मध्ये ते खुले झाले. वेन झेंगमिंगने १५५१ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, वांगच्या बागेची आठ दृश्ये पुन्हा रंगवली होती. तो चित्रसंचही त्याच संग्रहालयात आहे. बाग जुगारात गेली. तिची आठवण समुद्रापलीकडे सुखरूप आहे.

मग या बागा नेमक्या कुणाच्या? ज्याने चाळीस हजार मोजले त्याच्या चार वर्षे होत्या. ज्याने दगडांसाठी पूल तोडले त्याच्या पाच. जी चंगची एकही नव्हती, आणि आज चीनमधली कुठलीही बाग समजून घ्यायची तर त्याच्याच शब्दांतून जावे लागते. मालकी भंगुर आहे, हे त्याने उपदेश म्हणून कुठे सांगितले नाही. पण उसने घेण्याला त्याने बागेतले सर्वोच्च स्थान दिले, आणि इतिहासाने त्याचा शब्द खरा केला.

उसने घेण्याची एक दुसरी बाजूही आहे, ती आज आपल्यासमोर आहे. उसने देणारा शिल्लक असेल तरच उसने घेता येते. सुझोऊच्या जुन्या शहरात इमारतींच्या उंचीवर २४ मीटरची मर्यादा आहे. त्या तळ्यावरून पॅगोडा अजून दिसतो, यात झाडे लावणाऱ्यांचे श्रेय आहे, तसेच मधल्या किलोमीटरभर शहराने पाळलेल्या संयमाचेही. भिंतीच्या आतले एक माणूस सांभाळू शकतो; भिंतीबाहेरचे आकाश सांभाळायला सगळे गाव लागते. या बागांचे यापुढचे आयुष्य त्या गावाच्या हाती आहे.